गाळलेली पानं: जुन्या किशोर कादंबऱ्या पूर्ण वाचताना काय सापडलं?

अक्षरवेल

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. झोपण्याआधी अर्धा तास मी त्याला वाचून दाखवते. या वेळी 'रॉबिन्सन क्रूसो' घ्यायचं ठरवलं. माझ्या डोक्यात होतं ते लहानपणचं शंभरेक पानांचं पुस्तक: जहाज फुटलं, बेट, पोपट, फ्रायडे, सुटका. पण आता पूर्ण संहिता समोर ठेवली आणि वाचता वाचता मराठीतून सांगत गेले. चौथ्याच रात्री अडखळले.

बेटावर पोहोचायच्या कितीतरी आधी क्रूसो स्वतः गुलाम असतो. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर साले नावाच्या बंदरात चाचे त्याला पकडून ठेवतात. तिथून तो झुरी नावाच्या पोराला सोबत घेऊन होडीतून पळतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याने खाली जाताना हा पोरगा त्याच्यासाठी जीव धोक्यात घालून पाणी आणायला उतरतो. पुढे एक पोर्तुगीज कप्तान दोघांना जहाजावर घेतो, आणि क्रूसो त्या झुरीला साठ नाण्यांना कप्तानाच्या हवाली करतो. क्षणभर त्याला ते जड जातं, पण तो देतो. नंतर ब्राझीलमध्ये मळ्यावर माणसं कमी पडायला लागली की त्याला झुरीची आठवण येते, तीही तो कामाला उपयोगी पडला असता म्हणून. आणि ज्या सफरीत जहाज फुटतं, ती गिनीहून गुलाम आणायला निघालेली सफर असते.

मुलगा उठून बसला. "पण झुरीने त्याला मदत केली होती ना?" एवढंच विचारलं त्याने. त्या रात्री पुढचं वाचन झालं नाही, आम्ही नुसते बोलत राहिलो.

माझ्या लहानपणच्या पुस्तकात झुरी नव्हताच. गिनीही नव्हतं. जहाज 'व्यापाराला' निघालं होतं.

दुसरी गोष्ट वेळेची. संक्षिप्त पुस्तकात फ्रायडे साधारण मध्यावर येतो आणि मग ती दोघांची गोष्ट होते. मुळात वाळूतला पावलाचा ठसा दिसतो तोच बेटावरच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, आणि फ्रायडे भेटतो त्याच्याही दहाएक वर्षं नंतर. क्रूसो बेटावर अठ्ठावीस वर्षं राहतो. म्हणजे बहुतेक आयुष्य एकटा. मडकं भाजायला त्याला किती वेळा अपयश येतं, भाकरी करायची तर आधी दाणे, मग नांगरट, दळण, चाळण, भट्टी, असं एकेक कसं आठवत जातं, हे लेखक डिफो इतक्या सावकाश सांगतो की मुलगा स्वतःच पुढची अडचण ओळखायला लागला. होडीचं प्रकरण तर त्याला पाठ झालंय. झाड पाडायला वीस दिवस, फांद्या तोडायला चौदा, आकार द्यायला महिना, पोखरायला तीन महिने. आणि मग ती होडी पाण्यापर्यंत ओढताच येत नाही! माझ्या जुन्या पुस्तकात हे सगळं दोन ओळींत उरकलं होतं.

तेव्हा प्रश्न असा: जुन्या शतकांतल्या, मुलांनी वाचलेल्या अशा कादंबऱ्या तुम्ही मोठेपणी पूर्ण वाचल्या असतील, तर काय गाळलेलं सापडलं? आणि ते गाळलं ते बरं झालं असं कुठे वाटलं का?

सागरतळ

चांगला धागा. माझं उदाहरण ज्यूल व्हर्नचं.

'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी 1869–70 मध्ये पॅरिसच्या एका कौटुंबिक पाक्षिकात क्रमशः आली. नावातले वीस हजार लीग म्हणजे खोली नव्हे, पाण्याखालून केलेला प्रवास. लीग चार किलोमीटरचा धरला तर ऐंशी हजार किलोमीटर, पृथ्वीला दोन फेऱ्या. बऱ्याच जणांचा इथेच गैरसमज असतो.

पण सांगायचं ते वेगळं. इंग्रजीत हे पुस्तक 1873 साली आलं तेव्हा अनुवादकाने जवळजवळ पाव भाग कापला. शास्त्रीय वर्णनं गेली, काही राजकीय मजकूर गेला, आणि जे राहिलं त्यातही चुका. अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या 'बॅडलँड्स' या भागाचं नाव मूळ फ्रेंचमध्ये अगदी सरळ आहे. अनुवादात ते 'नेब्रास्काचा अप्रिय प्रदेश' झालं. हीच आवृत्ती पुढे अनेक दशकं छापली जात राहिली. व्हर्न म्हणजे पोरांसाठी लिहिणारा, जरा ढिसाळ लेखक, असा इंग्रजी वाचकांचा समज होण्यात तिचा मोठा हात आहे. म्हणजे 'पूर्ण' म्हणून हातात घेतलेलं पुस्तकही पूर्ण असेलच असं नाही. अनुवाद कोणाचा आणि कधीचा, हे आधी बघावं.

आणि नेमो. पाणबुडीचा कप्तान असलेल्या नेमोला व्हर्नने मनात पोलिश सरदार केलं होतं, रशियाने ज्याचं कुटुंब मारलं असा. प्रकाशक एत्झेलला ते नको होतं, कारण रशियात पुस्तकं विकली जात होती. म्हणून नेमो या पुस्तकात बेनाव, बेदेश राहतो. पण सिलोनजवळ एका गरीब हिंदी पाणबुड्याला तो शार्कपासून वाचवतो, मोत्यांची थैली त्याच्या हातात ठेवतो आणि म्हणतो की हा माणूस पिचलेल्या देशाचा आहे आणि मीही शेवटच्या श्वासापर्यंत त्याच बाजूचा. हे वाक्य एत्झेलच्या नजरेतून सुटलं असेल असं वाटत नाही, त्याने राहू दिलं असावं. काही वर्षांनी आलेल्या 'गूढ बेट'मध्ये नेमो मरताना सांगतो की तो राजपुत्र डक्कर, बुंदेलखंडातल्या राजाचा मुलगा, 1857 च्या उठावात लढलेला. मी हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. दहाव्या वर्षी कळायला हवं होतं.

मधली_सुट्टी

अक्षरवेल, तुमचं म्हणणं पटतं, पण दुसरी बाजू मांडायलाच हवी. मी शिकवते. वर्गात एकोणतीस मुलं आहेत. त्यातली सहा-सात सलग दोन पानं वाचू शकत नाहीत. त्यांच्यासमोर तीनशे पानांचं क्रूसो ठेवलं तर ती आयुष्यभर पुस्तकाकडे पाठ फिरवतील. संक्षिप्त पुस्तक संपवलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी रोज बघते. "मी एक पुस्तक वाचलं." हे वाक्य त्यांना याआधी कधीच म्हणता आलेलं नसतं.

आणि छाटणी ही काही आजची गोष्ट नाही. क्रूसो 1719 च्या एप्रिलमध्ये आलं आणि त्याच वर्षी परवानगीशिवाय छोटी आवृत्ती निघाली होती. स्वस्त, पातळ पुस्तिकांतूनच साध्या माणसांपर्यंत ते पोहोचलं. ते पुस्तक मुलांसाठी लिहिलेलंही नव्हतं. 'गलिव्हर'ही नाही. मुलांनी ती आपली करून घेतली, आणि ती छाटलेल्या रूपातच. रूसोने 1762 च्या 'एमिल'मध्ये आपल्या मानसपुत्राला पहिलं पुस्तक म्हणून क्रूसोच दिलं, पण त्यालाही फक्त बेटावरचा भाग हवा होता. आधीची आणि नंतरची भटकंती त्याच्या लेखी फापटपसारा होती.

झुरीला गाळणं मात्र मलाही खटकतं. लांबी कमी करणं वेगळं आणि माणूस पुसून टाकणं वेगळं.

अक्षरवेल

मधली_सुट्टी, शेवटचं वाक्य अगदी नेमकं. मला जे पहिल्या पोस्टमध्ये नीट सांगता आलं नाही ते हेच. होडीचे पाच महिने दोन ओळींत आणले तर मुलाचा तोटा होतो, पण फसवणूक होत नाही. 'गुलाम आणायला' हे 'व्यापाराला' केलं की फसवणूक होते.

तुमच्या त्या सहा-सात मुलांसाठी मी अर्थातच छोट्या पुस्तकाच्याच बाजूने. घरी मात्र मोठ्याने वाचून दाखवता येतं, आणि तिथे मुलाच्या वाचनाचा वेग आड येत नाही.

चिमणपान

पिनोकिओ! कोणी बोललंच नाही अजून.

कार्लो कोलोदीने ही गोष्ट 1881 च्या जुलैपासून मुलांच्या एका इटालियन साप्ताहिकात लिहायला घेतली, 'एका बाहुल्याची गोष्ट' या नावाने. पंधराव्या प्रकरणाच्या शेवटी कोल्हा आणि मांजर पिनोकिओला मोठ्या ओकच्या झाडाला फाशी देतात. तो 'बाबा' म्हणून आर्त हाक मारतो, पाय ताणले जातात, शरीर ताठ होतं. आणि गोष्ट संपते. खरंच तिथे संपवली होती त्याने! वाचक मुलांनी आणि संपादकांनी धोशा लावला म्हणून काही महिन्यांनी पुढे लिहिली, ती छत्तीस प्रकरणं होऊन 1883 साली पुस्तक झालं.

आता यातली गंमत बघा. खोटं बोललं की नाक वाढतं, ही पिनोकिओबद्दल जगाला माहीत असलेली एकमेव गोष्ट सतराव्या प्रकरणात येते. म्हणजे मुलांनी हट्ट धरला नसता तर ते नाकच नसतं. आधी नाक वाढतं ते त्याला घडवणारा जेपेत्तो कोरत असताना, पण त्याचा खोटं बोलण्याशी संबंध नाही.

आणि तो शहाणा, बोलणारा रातकिडा? चौथ्या प्रकरणात उपदेश करतो आणि पिनोकिओ हातोडा फेकून त्याला भिंतीला चिकटवतो. मेला. (नंतर भूत होऊन येतो.) मी भाचीला हे वाचलं तेव्हा ती दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "त्याला कळलंच नाही ना, हातोडा लागेल म्हणून." इतका अचूक निवाडा मला कुठल्या समीक्षेत मिळाला नव्हता. कोलोदी अगदी तेवढंच लिहितो: कदाचित मारायचंही नसेल, पण दुर्दैवाने नेम डोक्यावरच बसला.

पडद्यावरचा गोड बाहुला बघून जी मुलं मोठी झाली त्यांना हा भुकेला, उर्मट, घाबरट, गरिबाघरचा पिनोकिओ माहीतच नाही. भूक हा त्या पुस्तकाचा खरा विषय आहे असं मला दर वाचनात वाटतं. भिंतीवर चूल रंगवलेली, त्यावर रंगवलेलं पातेलं, रंगवलेली वाफ. तो झाकण काढायला जातो आणि हाताला भिंत लागते.

कातरवेळ

भिंतीवरच्या पातेल्याचं लक्षात होतं. आता संध्याकाळभर तेच डोक्यात राहणार.

मला वेगळा अनुभव सांगायचाय. 'ब्लॅक ब्यूटी' मी अकराव्या वर्षी पूर्ण वाचलं, अपघाताने, कारण घरात तीच एक प्रत होती. ब्यूटी नावाचा घोडा त्यात स्वतःची गोष्ट सांगतो. त्यात जिंजर नावाची घोडी आहे. तिला लहानपणापासून मारझोड झालेली, म्हणून चावरी. ब्यूटीबरोबर राहून निवळते. मग दोघांची ताटातूट होते. पुढे ब्यूटी लंडनमध्ये भाड्याच्या गाडीला जुंपलेला असताना एक खंगलेली घोडी त्याला ओळख देते. ती जिंजर असते. आता मरण आलं तर बरं, असं ती म्हणते. काही दिवसांनी एका गाडीतून मेलेलं घोडं नेताना त्याला दिसतं, तांबूस, मान लोंबणारी. ब्यूटीला वाटतं की ती जिंजरच असावी. आणि तो म्हणतो, तीच असो, म्हणजे तिचे हाल संपले.

तीन दिवस मी नीट जेवले नाही. आईने पुस्तक लपवलं. मी शोधून परत वाचलं.

नंतर लेखिका ॲना स्यूएलबद्दल वाचलं तेव्हा त्या प्रकरणाचं वजन कळलं. चौदाव्या वर्षी पावसात घरी पळत येताना पडून तिचे घोटे कायमचे अधू झाले. हिंडायचं तर घोडागाडीशिवाय इलाज नव्हता, म्हणून घोडे तिला इतके जवळून माहीत. शेवटची वर्षं ती अंथरुणाला खिळली होती. बरं वाटेल तेव्हा थोडं लिहायची किंवा आईला सांगायची, आई उतरवून घ्यायची. पुस्तक 1877 च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये ती गेली. तिने मुलांसाठी लिहिलंच नव्हतं. घोड्यांना सांभाळणाऱ्या, हाकणाऱ्या माणसांसाठी लिहिलं होतं. गाडीच्या घोड्याची मान फॅशनपायी वर ताणून बांधायचा एक पट्टा असे, बेअरिंग रेन. तो बांधला की चढावर घोड्याला डोकं खाली घालून जोर लावता येत नाही, श्वास कोंडतो. पुस्तकात तो पट्टा पुन्हा पुन्हा येतो, कारण तो बंद व्हावा हाच तिचा हेतू.

लहानांच्या काही आवृत्त्यांत जिंजर 'दूर गेली' असं आहे. माझ्या धाकट्या चुलतबहिणीने ती वाचली. तिला ते पुस्तक घोड्याची गोष्ट म्हणून आठवतं. मला जिंजर आठवते.

पाटीपेन्सिल

+१ कातरवेळ.

'हायडी'बद्दल थोडक्यात. योहाना स्पिरीने ते दोन भागांत लिहिलं, 1880 आणि 1881. सगळ्यांना डोंगर, बकऱ्या, गवताची गादी आठवते. मूळ पुस्तकातला मोठा भाग फ्रँकफुर्टमधल्या आजारपणाचा आहे: घराच्या ओढीने हायडी कोणासमोर रडतही नाही, वाळत जाते आणि रात्री झोपेत चालते. घरात भूत आहे म्हणून नोकरमाणसं घाबरतात आणि भूत निघतं ही पांढऱ्या झग्यातली पोर. डॉक्टर बघतो आणि औषध देत नाही, घरी पाठवा म्हणतो. डोंगरावर बकऱ्या चारणाऱ्या पेटरच्या आंधळ्या आजीला कडक काळा पाव चावत नाही म्हणून हायडी कपाटात मऊ पाव साठवून ठेवते, आणि ते सगळे फेकले जातात. मुलाचं दुःख इतक्या गंभीरपणे घेणारी त्या काळातली दुसरी कादंबरी मला माहीत नाही.

चिमणपान

दुसरी आहे, पाटीपेन्सिल! एक्तॉर मालोची फ्रेंच कादंबरी, 1878 ची, नावाचा अर्थ 'कुटुंबाविना'. रेमी हे टाकून दिलेलं पोर. पालक बाप त्याला चाळीस फ्रँकांना व्हितालिस नावाच्या फिरत्या कलावंताच्या हवाली करतो. तीन कुत्रे, एक माकड आणि म्हातारा. मग हिवाळा. बर्फाच्या रात्री लांडगे दोन कुत्रे नेतात, माकड थंडीने जातं, शेवटी म्हातारासुद्धा. हे मी एका दमात सांगतेय, पण मालो सांगताना रस्त्याचं प्रत्येक पाऊल दाखवतो आणि प्रत्येक मृत्यूला त्याची जागा देतो. आणि तरी पुस्तक मिटताना मन खचलेलं नसतं, कारण तोवर रेमीला मात्तिया हा मित्र भेटलेला असतो.

इंग्रजी सोडून बाकी भाषांतलं इतकं मोठं भांडार आहे आणि आपण नेहमी त्याच पाच पुस्तकांभोवती फिरतो.

शाईचा_डाग

गाळलेली पानं हा विषय निघालाच आहे तर एक उलटं उदाहरण. लुईसा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा पहिला भाग 1868 चा, दुसरा 1869 चा. आज जी संहिता सर्रास मिळते ती बहुतेक वेळा 1880 च्या सुमाराला सुधारलेली असते. रांगडे, बोलभाषेतले शब्द गुळगुळीत केले गेले. पहिल्या आवृत्तीत आई दारात येते तेव्हा ती 'स्थूल, मायाळू बाई' आहे. सुधारलेल्या आवृत्तीत ती 'उंच' झाली आणि तिच्या दिसण्यात भारदस्तपणा आला. एक शब्द बदलला, पण त्या घरातली बाई बदलली. मला ती पहिली हवी.

पहिला भाग आल्यावर मुलींची पत्रं यायला लागली, नायिका जोचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा म्हणून. अल्कॉटने ते साफ नाकारलं. पिनोकिओच्या वाचकांचा हट्ट मानला गेला, जोच्या वाचकांचा नाही, आणि दोन्ही लेखकांचं बरोबरच होतं असं मला वाटतं.

सागरतळ

'ट्रेझर आयलंड'शिवाय हा धागा अपुरा आहे. तिथे मात्र मला गाळलेलं फार सापडलं नाही, कारण स्टिव्हन्सनने फालतू काही ठेवलेलंच नाही. 1881 चा उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर सतत पाऊस, घरात सावत्र मुलगा लॉइड रंगपेटी घेऊन बसलेला. स्टिव्हन्सन एका बेटाचा नकाशा रंगवतो आणि त्या नकाशातून माणसं वर येतात. रोज एक प्रकरण लिहून घरच्यांना वाचून दाखवायचं. वडील इतके रंगले की बिली बोन्स या म्हाताऱ्या चाच्याच्या पेटीत काय काय सापडतं त्याची यादी त्यांनीच करून दिली. पंधरा प्रकरणांनंतर लेखणी अडली, उरलेलं दावोसला पूर्ण झालं. मूळ नाव होतं 'जहाजाचा आचारी', म्हणजे आचारी म्हणून जहाजावर आलेला चाचा लाँग जॉन सिल्व्हरच पहिल्यापासून मध्यभागी.

आणि पुस्तक छापायला देताना तो पहिला नकाशा टपालात हरवला! मग पुस्तकातून अंतरं, दिशा मोजून, गोष्टीला जुळेल असा नकाशा त्याला नव्याने काढावा लागला. आपण बघतो तो हा दुसरा. पहिल्यासारखा तो त्याला स्वतःला कधीच वाटला नाही.

मुलांना नकाशा आधी द्या आणि दोन दिवस तसाच राहू द्या, पुस्तक नंतर. माझ्या घरी हे दोनदा जमलंय.

मधली_सुट्टी

एक अडचण विचारते, कारण ती मला वर्गात खरंच येते. अपमानकारक शब्दांचं काय करायचं? 'हकलबरी फिन'मध्ये काळ्या माणसांसाठी जो शब्द आहे तो दोनशेहून जास्त वेळा येतो. 'सीक्रेट गार्डन'मध्ये तर सुरुवातीलाच मेरी चिडून म्हणते की हिंदुस्थानातले 'नेटिव्ह' म्हणजे माणसंच नव्हेत, फक्त नोकर. ते आपल्याबद्दलच आहे. तिथे वाचणाऱ्या मुलीचा आवाज बारीक होतो. मी तो परिच्छेद वगळावा का?

कातरवेळ

माझं मत: वगळू नका, पण एकटं वाचायलाही देऊ नका. मेरी तिथे नऊ-दहा वर्षांची, कोणाचंच प्रेम न मिळालेली, हुकूम सोडायची सवय लागलेली पोर आहे. घरात जे ऐकलं ते ती बोलते. पुस्तक तिला बदलायला लावतं, पण या एका बाबतीत लेखिका बर्नेटबाई स्वतः पुरेशा बदललेल्या नाहीत, आणि हे मुलांना स्पष्ट सांगता येतं. आवडत्या पुस्तकाचं सगळंच पटायला हवं असं नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हकचं वेगळं. पळालेल्या गुलाम जिमला पकडून देणारी चिठ्ठी हक लिहितो, समोर धरतो आणि फाडतो, आपण नरकात जाणार याची त्याला खात्री असताना. आजूबाजूचं जग किती घाणेरडं बोलतं हे कानावर पडलेलं नसेल, तर ती चिठ्ठी फाडण्याची किंमत कळत नाही. पण मी हे बारा-तेराच्या आधी नाही देणार.

अक्षरवेल

खूप काही मिळालं. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर द्यायला जमेल तसं देते.

सागरतळ, नेमोची गोष्ट मी काल मुलाला सांगितली, पुस्तक न वाचताच. आता 'क्रूसो' संपलं की व्हर्न, हे त्याने ठरवून टाकलंय. अनुवाद नवा आणि पूर्ण बघूनच घेणार.

मधली_सुट्टी, तुमच्या प्रश्नावर आमच्याकडे असं झालं. झुरीनंतर दोन रात्रींनी मी विचारलं की आपण हे पुस्तक सोडूया का, तुला राग आलाय तर. तो म्हणाला, नको, मला बघायचंय त्याला झुरीची आठवण येते का. म्हणून आम्ही बेटावर आल्यापासून तेवढ्यासाठीही वाचतोय. पावलाचा ठसा परवा सापडला. फ्रायडे अजून आलेला नाही. दर रात्री वाचन संपलं की मुलगा विचारतो, आज आली का आठवण? आणि मी पान उलटून बघते.